हिरड्यांचे रक्त आणि तरुणांच्या रक्तवाहिन्या

बारडोली म्हटले की १९२८ चा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात. परंतु या गावाचे खानदेशाशीही जुने नाते आहे. पावसाळा सरला की धुळे-नंदुरबारकडील तरुण जोडपी बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी निघतात. या मजुरांच्या हालांचा अभ्यास यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात केला. पहाटेच फडात उतरणाऱ्या अशा माणसाला हिरड्यांतून आलेले रक्त हे दुखणे वाटतच नाही. कोणी मिश्री लावतो, चूळ भरतो आणि कामास लागतो.

आपल्या पूर्वजांना मात्र हे दुखणे क्षुल्लक वाटले नव्हते. सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत.

पाश्चात्त्य वैद्यकात हा विचार दोन टोकांमध्ये हेलकावत राहिला. १९०० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी, तोंडातील पू हे शरीरातील अनेक रोगांचे मूळ होय, असे मांडले. पुढे १९१० च्या माँट्रिअल येथील व्याख्यानाने या मताचा इतका बोलबाला झाला की संधिवातापासून कोणत्याही दुखण्यावर सरसकट दात उपटले जाऊ लागले. दात गेले, रोग मात्र राहिले. साहजिकच या मताचा अव्हेर झाला आणि त्यातील सत्यांशही मागे पडला.

१९५३ साली कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय अवघे २२ वर्षे होते. तरीही बहुतेकांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराची सुरुवात झालेली होती. धमन्यांचा रोग म्हातारपणाचा, ही समजूत त्यामुळे ढळली. १९८९ साली फिनलंडमधील संशोधकांना हृदयविकाराच्या रुग्णांचे दात व हिरड्या इतरांहून वाईट असल्याचे आढळले. १९९३ च्या अमेरिकन पाहणीत हा संबंध पन्नाशीच्या आतील पुरुषांत अधिक ठळक दिसला. २००७ साली लंडनमध्ये १२० रुग्णांवर प्रयोग झाला. हिरड्यांच्या कसून केलेल्या उपचारानंतर रक्तवाहिन्यांचे प्रसरण पहिल्या दिवशी मंदावले. परंतु सहा महिन्यांनी ते सुधारलेले दिसले.

याचे कारण असे की सुजलेल्या हिरडीतून जंतू व दाहजनक द्रव्ये रक्तात उतरतात आणि धमनीच्या आतील नाजूक अस्तरास त्रास देतात. तथापि हंटरच्या काळातील घाई पुन्हा नको. संबंध आहे, पण हिरड्यांचा रोग हेच हृदयविकाराचे कारण होय असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१२ साली स्पष्ट केले. तंबाखू तर दोन्ही रोगांना खतपाणी घालते.

मग करावयाचे काय? दात उपटावयाचे नाहीत आणि रक्ताकडे दुर्लक्षही करावयाचे नाही. मिश्री सोडावी, दोन वेळा दात घासावेत, रक्त येत राहिल्यास दंतवैद्यास दाखवावे. उचल देताना मुकादम मजुराचे बाहू पाहतो. त्याच वेळी कोणी त्याचे तोंडही तपासले, तर पंचविशीतल्या त्या माणसाचे निदान दात तरी वाचतील, आणि कदाचित त्याहून मोलाचे काही.