जाळण्यासाठी विकत घेतलेले बायबल

दुर्मीळ ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या रसिकांमध्ये जुन्या बायबलांच्या संग्राहकांचा एक निराळाच पंथ आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. वास्तविक बायबलाइतके विपुल छापले गेलेले पुस्तक दुसरे क्वचितच सापडेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी प्रत विलायतेतील जुन्या पुस्तकांच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीस मिळते. अर्थात नुसत्या वयाला या बाजारात फारसा मान नाही. मग एखाद्या प्रतीसाठी लाखो पौंड मोजले जातात, ते कशापायी? तिच्या भावंडांवर काय प्रसंग ओढवला, यावर ती किंमत ठरते, असे मला वाटते. विल्यम टिंडेल याच्या ‘नव्या करारा’ची हकीकत ऐकली म्हणजे याची खात्री पटेल.

सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात बिशपाच्या अनुज्ञेवाचून धर्मग्रंथ इंग्रजीत उतरविणे हा अपराध होता. टिंडेल हा ग्रीक भाषेचा मोठा पंडित. स्वदेशी थारा मिळेना, तेव्हा १५२४ मध्ये त्याने इंग्लंड सोडले. कोलोन येथे चाललेली छपाई अधिकाऱ्यांच्या धाकाने अर्धवट टाकून त्याला पळावे लागले. अखेर १५२६ मध्ये वर्म्स या जर्मन नगरात मूळ ग्रीकवरून केलेला त्याचा ‘नवा करार’ छापून पुरा झाला. आकार लहान, खिशात मावेल इतका. कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून या प्रती इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागल्या. लंडनचा बिशप कथबर्ट टन्स्टॉल याने हाती लागतील तेवढ्या प्रती जाळून टाकल्या.

पुढची गोष्ट हॉल नावाच्या समकालीन बखरकाराने लिहून ठेवली आहे. अँटवर्प येथे आलेल्या टन्स्टॉलने, उरलेल्या प्रती विकत घेऊनच त्यांचा निकाल लावावा, असे ठरविले आणि ते काम पॅकिंग्टन या इंग्रज व्यापाऱ्यावर सोपविले. पॅकिंग्टन आतून टिंडेलचा स्नेही. त्याने सरळ टिंडेलकडे जाऊन गिऱ्हाईक मिळाल्याची वर्दी दिली. टिंडेलही राजी झाला; कारण त्या पैशांत कर्ज फिटणार होते आणि सुधारलेल्या आवृत्तीची सोय होणार होती. या कथेत बखरकाराने तिखटमीठ किती लावले, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु सुधारलेली आवृत्ती १५३४ मध्ये निघाली, यात संशय नाही. टिंडेलचे दैव मात्र तसे उदार नव्हते. १५३६ मध्ये ब्रसेल्सनजीक फिल्व्होर्ड येथे त्याला गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला.

त्यानंतर तीनच वर्षांनी राजा आठवा हेन्री याच्या आज्ञेने इंग्रजी बायबल चर्चमध्ये ठेवण्यासाठी छापले गेले. त्यातील नव्या कराराचा मोठा भाग टिंडेलच्याच भाषांतरावर उभा होता. त्याच बायबलाच्या १५४१ च्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, राजाज्ञेने ग्रंथ तपासणाऱ्या दोघा बिशपांपैकी एक म्हणून टन्स्टॉलचे नाव छापलेले आहे. संग्राहकाच्या कपाटात हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले, तर इतिहासकाराला फारसे भाष्य करावे लागणार नाही.

१५२६ च्या प्रती हजारांच्या संख्येने निघाल्या होत्या. आज तीन उरल्या आहेत. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील प्रत अपूर्ण आहे. दुसरीची कुळकथा मोठी रंजक आहे. अठराव्या शतकात ती शोधून आणणाऱ्या माणसाला ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड हार्ले याने वार्षिक २० पौंडांची नेमणूक करून दिली. अर्लच्या पश्चात त्याची पुस्तके ऑस्बर्न नामक विक्रेत्याकडे गेली. त्याला या रत्नाची पारख नव्हती. त्याने ते १५ शिलिंगांस विकले! १७६० मध्ये त्याच प्रतीला साडेचौदा गिनी आल्या, १७७६ मध्ये २० गिनी. अँड्र्यू गिफर्ड या धर्मोपदेशकाने ती ब्रिस्टलच्या बॅप्टिस्ट कॉलेजला ठेवली आणि १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने दहा लाख पौंडांहून अधिक देऊन ती घेतली. हिला मुखपृष्ठ नाही. पुढे १९९६ मध्ये श्टुटगार्ट येथील ग्रंथालयात तिसरी प्रत ओळखली गेली, तिला मुखपृष्ठ आहे. पण त्यावर टिंडेलचे नाव नाही.

चुकीमुळे नष्ट केलेल्या बायबलांवरही संग्राहकांचा लोभ असतो. १६३१ मध्ये लंडनच्या राजमुद्रकांनी छापलेल्या बायबलात व्यभिचारनिषेधाच्या आज्ञेतील नकारच गळाला! मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, प्रती नष्ट करण्याचा हुकूम सुटला. वीसेक प्रती बचावल्या. न्यूझीलंडातील ख्राइस्टचर्च येथे अशी एक प्रत सापडल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

परंतु संग्राहकांना सरसकट ग्रंथरक्षक म्हणण्यास माझे मन घेत नाही. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या गेब्रिअल वेल्स या विक्रेत्याने गुटेनबर्गच्या बायबलाची एक अपूर्ण प्रत उसवली आणि तिची पाने सुटी करून विकली. सुमारे १४५५ मध्ये माइन्झ येथे छापलेल्या या ग्रंथाच्या पन्नासेक प्रतीच जगात उरल्या आहेत. प्रत मुळातच खंडित होती आणि पानापानाने तरी ती अनेकांस मिळाली, हे समर्थन मला ठाऊक आहे. तरी जे काम बिशपाने अग्नीकडून करविले, तेच येथे कात्रीने गिऱ्हाइकांच्या हौसेसाठी केले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या मराठीचाही येथे थोडा संबंध पोचतो. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी याने पंडित वैजनाथ यांच्या साह्याने केलेला मराठी ‘नवा करार’ १८११ मध्ये मोडी ठशांत छापला गेला. त्याच्यावर कोणा बिशपाचा रोष झाला नाही. पण मोडी वाचणारेच उणावले आणि शिवाय आपल्याकडचा पावसाळा, कसर व वाळवी आहेतच. मोडी अक्षर दिसले की घरातील मंडळी ती जमाखर्चाची वही समजतात. तेव्हा जुन्या पेटाऱ्यात असे बाड निघाले, तर ते बोरूने लिहिलेले आहे की ठशांनी छापलेले आहे, एवढे पाहावे. आणि छापलेले असल्यास रद्दीवाल्याच्या आधी एखाद्या मोडी जाणणाऱ्यास दाखवावे.