चित्रांतील पुरुष व इतिहासांतील पुरुष

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांतील चौक हें गांव नेतोजी पालकरांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें प्रसिद्ध आहे. हल्लींच्या पुस्तकांतून नेतोजींचीं जीं चित्रें आढळतात, त्यांत ते सरनोबताच्या वेषांत, हातीं तरवार घेऊन उभे असतात. ही मुद्रा चित्रकाराच्या कल्पनेंतील होय. परंतु प्रश्न मुद्रेपुरताच नाहीं. 1666 सालीं मोंगलांकडे गेलेला, 1667 सालीं महंमद कुलीखान झालेला आणि 1676 सालीं शिवाजीमहाराजांकडे परतलेला नेतोजी त्या चित्रांत कोठें आहे?

चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लासां'त चित्राचे भेद सांगितले आहेत. आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें हुबेहूब उतरतें तें विद्ध. ज्यांत केवळ आकार साधतो तें अविद्ध. (शुक्रनीतीला तर मनुष्यांच्या प्रतिमाच मान्य नाहींत!) या भेदास चकविणारी एक चित्रपद्धति विसाव्या शतकांत रशियांत निघाली. तिला समाजवादी वास्तववाद म्हणतात. 1934 सालच्या मॉस्को येथील लेखकांच्या अधिवेशनांत तिची घोषणा झाली. वास्तव रंगवावें, पण तें क्रांतीच्या दिशेनें जात असलेलें रंगवावें, असा तिचा दंडक. म्हणजे चित्र दिसावयास विद्ध, मुळांत अविद्ध!

ब्रॉडस्की या चित्रकाराचें 'स्मोल्नींतील लेनिन' 1930 सालचें, म्हणजे लेनिनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं काढलेलें. पांढरी गवसणी घातलेली खुर्ची, शेजारची रिकामी खुर्ची, मांडीवरची वही, सर्व छायाचित्रासारखें नेमकें. आणि ब्रॉडस्कीनें लेनिनला प्रत्यक्ष पाहून रेखाटलेंहि होतें. उलट गेरासिमोव्हच्या 1938 सालच्या चित्रांत वोरोशिलोव्हसह क्रेमलिनमध्यें चालणाऱ्या स्टालिनच्या तोंडावर देवीचे व्रण नाहींत. त्याचा अंगरखा खरा, मागील बुरूज खरे, पावसानें ओली झालेली फरसबंदी खरी. मुखावरील व्रण मात्र गेले. या चित्रास 1941 सालीं स्टालिन पारितोषिक मिळालें. ब्रॉडस्कीच्याच एका समूहचित्रांतील अनेक असामी पुढें राष्ट्रद्रोही ठरल्या, तेव्हां तें चित्रच लोकांच्या दृष्टीआड झालें.

आपल्याकडे कोणा राजसत्तेची आज्ञा नव्हती. तरी परिणाम फारसा निराळा नाहीं. इब्राहिमखान नामक सरदाराचें चित्र दीर्घकाळ शिवाजीमहाराजांचें म्हणून पूजिलें जात होतें, आणि वा. सी. बेंद्रे यांनीं 1933 सालीं अस्सल चित्र पुढें आणलें तेव्हां तो भ्रम दूर झाला. तेथें चुकीचा पुरुष होता. नेतोजींच्या चित्रांत पुरुष तोच, पण त्याच्या आयुष्याचीं सुमारें दहा वर्षें गाळलेलीं. आमच्या मतें हा दुसरा दोष अधिक कठीण, कारण तो उघडकीस आणण्यास दुसरें चित्र सांपडून भागत नाहीं. कागदच वाचावे लागतात.

म्हणून संग्राहकांनीं असें चित्र टाकून देऊं नये. त्याच्या पाठीमागें चित्रकाराचें नांव, रंगविल्याचा शक व आधार कोणता, हें टिपून ठेवावें, आणि दप्तरांत त्याची नोंद शिवकालाखालीं न करितां तें ज्या सालीं रंगविलें त्या सालाखालीं करावी.