सेकंदांचा हिशेब

युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची माहितीपुस्तिका (नोव्हेंबर १९७१) वाचताना वेळेच्या नोंदीपाशी मी थबकलो. काळ मोजायचा १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागात, आणि आकडा ठेवायचा ३२ बिटांत. खाली दोषांच्या सदरात लिहिणाऱ्यानेच सांगून टाकले आहे की अशाने दर २.२६ वर्षांनी संकट ठरलेले. आपल्या भिंतीतली भेग आपणच दाखवणारा गवंडी विरळा!

१९७३च्या चौथ्या आवृत्तीत मोजणी १ जानेवारी १९७० पासून, पूर्ण सेकंदांत आली. ३२ बिटांत, एक बिट धन-ऋण चिन्हाला दिल्यावर, ती १९ जानेवारी २०३८ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांपर्यंत पुरते. पंचांगात साठ संवत्सरे सरली की पुन्हा प्रभव येतो, त्याने कुणाचे बिघडत नाही. इथे पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होतो आणि यंत्र १३ डिसेंबर १९०१ दाखवू लागते.

६४ बिट घेतले की झाले, असे वाटते. पण हे माप कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि प्रत्येक प्रोग्रॅम यांच्यातल्या करारात कोरलेले असते. कर्नलने आठ बाइट लिहिले आणि जुन्या प्रोग्रॅमने चारच वाचले, तर पुढचे सगळे रकाने सरकतात. फाइलचा आकारसुद्धा भलताच दिसतो.

ओपनबीएसडीने मे २०१४च्या ५.५ आवृत्तीत एका घावात तुकडा पाडला. चालू प्रणालीवरच नवी कंपाइल करून पुढे जाण्याची वाट त्या खेपेस बंद होती. तयार कर्नल आणि प्रोग्रॅम एकदमच बदलायचे, मग बाहेरची सगळी पॅकेजेसही. नेटबीएसडीने २०१२च्या ६.० मध्ये बदल केला, पण जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुने सिस्टिम कॉलही राखले. मला ओपनबीएसडीचा रोखठोकपणा आवडतो. मात्र तो परवडतो मूळ कोड हाताशी असणाऱ्याला.

डेबियनपुढे हाच पेच होता. ऑगस्ट २०२५च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी एआरएम यंत्रांवर वेळ ६४ बिटांची झाली. जुने-नवे मिसळू नये म्हणून लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ अशी शेपटी जोडली. आय३८६ला मात्र हात लावला नाही. तिथे आता मुख्यतः जुने, पुन्हा कंपाइल न करता येणारे प्रोग्रॅम चालवले जातात. माप बदलले असते तर तेच आधी मोडले असते. त्यांची मुदत २०३८चीच राहिली आहे.