लिहिणारा एक, तपासणारा दुसरा

संगणकावर अनेकजण एकत्र काम करतात तेव्हा एक प्रश्न येतोच : कोणाला नुसते पाहू द्यायचे आणि कोणाला बदल करू द्यायचा? यासाठी सारखे काम करणाऱ्यांचा गट करतात, गटाला अधिकार देतात आणि अधिकाराची हद्द आखतात. या व्यवस्थेमागचा अनुभव मात्र संगणकाहून जुना आहे. तो पाहायला आपण इंदापूर-बारामतीकडे जाऊ.

१८३० च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोजणीवरून पुणे जिल्ह्यात शेतसारा बसवला गेला. हाताखालच्या माणसांनी लाच घेऊन जमिनीची प्रतवारी खोटी लिहिली. सारा डोईजड झाला, इंदापुरात शेते पडीक पडली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथूनच नवी पाहणी सुरू केली. पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या महसूल पद्धतीचा पाया तो हा.

गावचे दप्तर मात्र वतनदार कुलकर्ण्याकडे असे. लिहिण्याचा अधिकार घराण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने संपली. तलाठी हा पगारी नोकर. बदली झाली की माणूस जातो, अधिकार पदापाशी राहतो. संगणकातला 'गट' म्हणजे हेच पद आणि 'हद्द' म्हणजे तलाठ्याचा सजा!

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने कामाची वाटणी नेमकी केली आहे. खरेदी झाली किंवा वारस लागला, की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर वादाची वेगळी नोंद होते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. ई-फेरफार प्रणालीतही ही साखळी कायम आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; कामाची वाटणी तीच.

एवढा खटाटोप कशाला? दोन्ही अधिकार एकाच हाती आले, तर एखाद्या विधवेचे नाव उताऱ्यावरून उडायला एक ओळ पुरेल, आणि तिला ते कळणारही नाही. बदलून गेलेल्याचा संगणकावरचा अधिकार काढायचा राहिला, तरी धोका तोच.

वर्गात मुलांना घरचा सातबारा आणायला सांगा. त्यावरचे फेरफार क्रमांक शोधू द्या. मग विचारा : ही नोंद कोणी लिहिली असेल, कोणी तपासली असेल, आणि हरकत घ्यायचा हक्क कोणाला होता?