काय पाहावे? : एका ख्रिस्ती अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

काय पाहायचे आणि काय नाही, हा प्रश्न बहुतेक ख्रिस्ती घरांत वडीलधाऱ्यांच्या धाकाचा विषय म्हणून येतो आणि तिथेच मिटतो. त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा विचार आणि वाद उभा आहे, हे फार थोड्यांच्या कानावर आलेले असते. या अभ्यासात प्रथमच उतरणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. धर्मशास्त्र शिकलेले नसले तरी अडणार नाही. चित्रपट मन लावून पाहण्याची तयारी मात्र हवी.

सुरुवातीला एकच चित्रपट घेऊ : व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८चा 'बायसिकल थीव्हज'. महायुद्धानंतरचे रोम, जिकडेतिकडे बेकारी. आंतोनिओ रिचीला भिंतींवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळते, पण सायकल असेल तरच. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून गहाण पडलेली सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते आणि बाप-लेक तिच्या शोधात शहर पालथे घालतात.

हा चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेचे प्रमुख अंमलदार जोसेफ ब्रीन यांनी दोन जागा कापायला सांगितल्या. एकीत आंतोनिओचा लहानगा मुलगा ब्रुनो भिंतीपाशी लघवीला उभा राहतो; दुसरीत चोराचा पाठलाग करताना आंतोनिओ वेश्यागृहात शिरतो. दे सिका यांनी कात्री लावू दिली नाही, म्हणून चित्रपटाला मंजुरीचा शिक्का मिळाला नाही. पुढे १९९५मध्ये, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात १५ चित्रपट. त्यातल्या 'मूल्ये' विभागात 'बायसिकल थीव्हज' आहे.

ब्रीन स्वतः कॅथलिक होते. १९३०ची ती आचारसंहिता लिहिण्यात येशूसंघीय धर्मगुरू डॅनिएल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांचा मोठा हात होता. म्हणजे अडवणारे आणि गौरवणारे एकाच श्रद्धेचे. मधल्या साडेचार दशकांत पाहण्याची रीत कशी बदलली, याचा शोध हा या अभ्यासाचा गाभा आहे असे मी मानतो.

ब्रीन यांच्या पिढीला हसण्यावारी नेऊ नये, अशी माझी वाचकाला विनंती आहे. १९३४मध्ये 'लीजन ऑफ डीसेन्सी' या कॅथलिक संघटनेच्या हाकेला ओ देऊन अमेरिकेत लाखो कॅथलिकांनी वाईट चित्रपटांवर बहिष्कार घालण्याची शपथ घेतली. १९३६मध्ये पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कुरा' या पत्रात त्या चळवळीची पाठराखण केली. काळोखात बसलेल्या लहान मुलाच्या मनावर पडदा काय कोरून ठेवतो, याची खरी काळजी त्या पत्रात आहे. चांगला चित्रपट केवढे भले करू शकतो याची जाणही आहे. उणीव होती ती अंमलबजावणीत. तपासनीस सुटी दृश्ये तपासत राहिले आणि गोष्ट नजरेआड झाली.

दे सिका यांच्या चित्रपटाचा शेवट पाहा. हताश आंतोनिओ शेवटी स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. जमाव त्याला घेरतो, धक्काबुक्की करतो. ब्रुनो रडत बापाला बिलगतो. बापाची खाली पडलेली टोपी उचलून तिच्यावरची धूळ झटकतो. सायकलचा मालक त्या पोराकडे बघतो आणि म्हणतो, जाऊ द्या याला. क्षमा म्हणजे काय, हे इतके स्वच्छ दाखवणारे प्रसंग चित्रपटांत थोडेच असतील, आणि इथे धर्माचा उपदेश कुठेच नाही. ज्या ख्रिस्ती माणसाला इथे शुभवर्तमान ऐकू येत नाही, त्याला निवडीच्या याद्या कितीही दिल्या तरी उपयोग होणार नाही. याचा अर्थ सगळेच चालते असा नव्हे. दुबळ्याची विटंबना करून प्रेक्षकाला हसवणारी करमणूक मी माझ्या घरात येऊ देणार नाही, मग तिच्यात आक्षेपार्ह दृश्य एकही नसो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. तो अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'चे बीज तिथे पडले. भक्तिभावाने पाहिलेले एक चित्र दुसऱ्या श्रद्धेच्या माणसाला काय देऊन जाते, याचा अभ्यास करायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

आजचे काम मात्र अवघड आहे. लीजनच्या काळी साऱ्या गावाला एकच चित्रपट दिसे, म्हणून त्याला अ, ब, क अशी श्रेणी देणे शक्य होते. मोबाइलवर प्रत्येक मुलाला वेगळे काही दिसते. पुढचे काय दिसावे हेही बव्हंशी यंत्रच ठरवते, आणि एका घरातल्या दोन भावंडांनी काल काय पाहिले हे आईबापांना ठाऊक नसते. इथे जुन्या श्रेण्या तोकड्या पडतात. शिक्षक, धर्मगुरू आणि विशेषतः शाळकरी मुलांचे आईबाप यांनी या अभ्यासात उतरावे. मुले काय पाहतात ते त्यांच्या शेजारी बसून पाहावे, टिपून ठेवावे, मराठीत लिहावे. पुढच्या अभ्यासाला त्याच टिपणांची सर्वांत जास्त गरज लागणार आहे.