ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग : मूलभूत संकल्पना

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग : संगणकाचा प्रोग्रॅम रचण्याची एक पद्धत. हिच्यात माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकाच घटकात बांधलेली असतात. या घटकाला ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक ऑब्जेक्ट आपली माहिती स्वतः सांभाळतो. दुसऱ्याला तिच्यातले काही हवे असेल तर त्याने ते मागून घ्यायचे, परस्पर हात घालायचा नाही. सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, पायथन, रुबी या भाषांत ही पद्धत वापरता येते. नवशिक्याच्या हाती सुरुवातीलाच क्लास, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम अशा नावांची जंत्री पडते आणि व्याख्या पाठ करण्यात सत्र संपते. ही सारी नावे मात्र एकाच प्रश्नाच्या पोटातून निघाली आहेत : ही माहिती कोणाच्या ताब्यात, आणि ती खरी राहील याची जबाबदारी कोणाची?

या नोंदीतली उदाहरणे बोथ परिसरातली आहेत. बोथ हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे ठिकाण महाराष्ट्राच्या किनवट तालुक्याच्या शेजारी आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा या पट्ट्यात कानावर पडतात आणि शिवारात मुख्य पीक कापसाचे. कापसाच्या खरेदीत वजन, ओलावा, भाव आणि माणसे यांचा असा गुंता असतो की या पद्धतीतली जवळजवळ प्रत्येक संकल्पना तिथे खऱ्या गरजेतून पुढे येते.

कापसाची एक आवक : शेतकरी गाडी भरून खरेदी केंद्रावर येतो. गाडी काट्यावर चढते आणि भरल्या गाडीचे वजन नोंदले जाते. मीटरने ओलावा तपासतात. कापूस उतरवल्यावर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे निव्वळ वजन. २०२५–२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. तो ८ टक्के ओलाव्याचा भाव आहे. ओलावा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, घेत नाही. ओलावा १० टक्के भरला तर भाव ७,९४७.८० रुपये, निव्वळ वजन २४ क्विंटल असेल तर शेतकऱ्याचे १,९०,७४७.२० रुपये होतात.

हा हिशेब जुन्या वळणाच्या प्रोग्रॅममध्ये कसा लिहिला जाई? नावांची एक यादी, भरल्या वजनांची दुसरी, रिकाम्या वजनांची तिसरी, ओलाव्याची चौथी. प्रत्येक यादीतला अकरावा आकडा अकराव्या शेतकऱ्याचा, ही गोष्ट फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते, प्रोग्रॅमला ती ठाऊक नसते. कोणी नावांची यादी तेवढी अकारविल्हे लावली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, की एकाचा कापूस दुसऱ्याच्या नावावर चढतो. संगणक त्यात काही चूक दाखवत नाही; बेरीजसुद्धा बरोबर येते. भीती वाटावी अशी चूक हीच, कारण ती शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

ऑब्जेक्ट आणि क्लास : यावरचा उपाय म्हणजे एका गाडीची सगळी माहिती एका जागी बांधणे. ‘आवक’ नावाचा ऑब्जेक्ट घ्या. त्याच्याकडे शेतकरी, भरलेले वजन, रिकामे वजन आणि ओलावा ही माहिती आहे. ‘निव्वळ वजन सांग’ हे काम त्याला येते. या माहितीला ऑब्जेक्टची स्थिती म्हणतात आणि त्याला येणाऱ्या कामांना मेथड. दिवसभरात दोनशे गाड्या आल्या तर आवकेचे दोनशे ऑब्जेक्ट तयार होतात. प्रत्येकाचे आकडे वेगळे, घडण एकच. ही सामाईक घडण एकदाच लिहून ठेवतात, तिला क्लास म्हणतात. क्लासमध्ये कोणत्याही गाडीचे वजन नसते. प्रत्येक गाडीला वजन असलेच पाहिजे हा नियम असतो.

क्लासपासून ऑब्जेक्ट तयार होताना जी मेथड चालते ती कन्स्ट्रक्टर. नवशिके तिच्यात नुसते आकडे भरून मोकळे होतात, पण खरे काम तिथेच करायचे असते. रिकामे वजन भरल्या वजनापेक्षा जास्त आले, ओलावा उणे आला, तर अशी आवक जन्मालाच येऊ देऊ नये. चुकीचा ऑब्जेक्ट एकदा तयार झाला की पुढच्या प्रत्येक ओळीला त्याच्यावर संशय घेत बसावे लागते.

ओळख : स्थिती आणि कामे यांच्याशिवाय ऑब्जेक्टला तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे ओळख. एकाच नावाचे दोन शेतकरी एका गावात सहज सापडतात. नाव, गाव, एवढेच काय, जमिनीचे क्षेत्रही जुळले तरी माणसे दोन. उलट माहिती सगळी बदलली तरी ऑब्जेक्ट तोच राहू शकतो. बोथचा इतिहासच याचे उदाहरण आहे. हैदराबाद संस्थानात बोथ हा आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि इस्लापूर हे त्याचे एक सर्कल. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका मुंबई राज्यात गेले, तर बोथ आंध्र प्रदेशात गेले. १ मे १९६० पासून इस्लापूर महाराष्ट्रात, २ जून २०१४ पासून बोथ तेलंगणात. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ ला आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. एवढ्या उलथापालथीत गावे जागची हलली नाहीत. ‘गाव’ या ऑब्जेक्टमध्ये तालुका, जिल्हा आणि राज्य ही बदलू शकणारी स्थिती आहे, ओळख नव्हे. ज्या प्रोग्रॅममध्ये गावाच्या क्रमांकातच जिल्ह्याचे नाव चिकटवलेले असेल, त्याच्या नोंदी अशा प्रत्येक पुनर्रचनेत तुटतात.

इथेच नवशिक्यांची एक हमखास गफलत होते. पायथन किंवा जावामध्ये ‘क’ या नावाचा ऑब्जेक्ट ‘ख’ ला दिला की दुसरी प्रत तयार होत नाही. दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. ‘ख’ चा ओलावा बदलला की ‘क’ चाही बदललेला दिसतो. तसे पाहिले तर बदललेला ऑब्जेक्ट एकच आहे, नावे तेवढी दोन.

एन्कॅप्सुलेशन : माहिती ऑब्जेक्टच्या आत ठेवणे आणि बाहेरच्याला ती ठरलेल्या वाटेनेच मिळू देणे. या पद्धतीतली सर्वात मोलाची गोष्ट हीच, आणि पाठ्यपुस्तकांत तिला मिळणारी जागा फार तोकडी असते. काट्यावरून पट्टी, म्हणजे पावती, निघाल्यानंतर रिकामे वजन बदलता येता कामा नये. हा नियम दहा ठिकाणी लिहून भागत नाही, कारण अकराव्या ठिकाणी कोणीतरी विसरणारच. रिकामे वजन ‘आवक’ च्या आत खासगी ठेवले, आणि ते नोंदवण्याची एकच मेथड दिली, की पहारा एकाच दारावर ठेवावा लागतो. त्या मेथडने बघायचे : पट्टी निघाली आहे का? निघाली असेल तर नकार. जावात खासगी माहितीला बाहेरून हात लावला तर भाषाच अडवते. पायथनमध्ये नावाआधी अधोरेषा देऊन ती खासगी असल्याचे सुचवतात, पण सक्ती नसते.

निव्वळ वजनाचेही तसेच. ते वेगळे साठवण्याचा मोह होतो. साठवले, आणि पट्टी निघण्याआधी भरलेल्या वजनात दुरुस्ती झाली, तर दोन आकडे एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून निव्वळ वजन साठवायचे नाही. विचारले की त्या क्षणी वजाबाकी करून सांगायचे. विचारणाऱ्याला त्यातला फरक कळतही नाही. आत काय चालते हे न कळता काम करून घेता येणे, याला अॅब्स्ट्रॅक्शन म्हणतात.

यावरून आणखी एक सवय तपासून घ्यावी. अनेक शिकवण्यांत प्रत्येक माहितीसाठी एक वाचायची आणि एक बदलायची अशा दोन मेथड यांत्रिकपणे लिहायला लावतात. तसे केले तर माहिती नावापुरतीच खासगी राहते. बाहेरच्याने काय करायचे आहे ते आधी ठरवावे आणि तेवढीच मेथड द्यावी : ‘रिकामे वजन बदल’ असे न म्हणता ‘गाडी रिकामी झाल्याची नोंद कर’.

इन्हेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम : कापूस सीसीआय हमीभावाने घेते, तसा खासगी व्यापारीही घेतो. दोन्हीकडे आवक येते, भाव ठरतो, पट्टी निघते. हे समान भाग ‘खरेदी’ या क्लासमध्ये लिहून ‘हमीभाव खरेदी’ आणि ‘खासगी खरेदी’ हे क्लास त्याच्यापासून काढता येतात. मूळ क्लासची घडण वारशाने घेणे म्हणजे इन्हेरिटन्स. भाव काढण्याची रीत मात्र दोघांची वेगळी : एकीकडे ओलाव्याप्रमाणे कपात, दुसरीकडे बोलणीतून ठरलेला दर. पट्टी छापणाऱ्या भागाला हा फरक माहीत असण्याचे कारण नाही. तो समोरच्या खरेदीला ‘भाव सांग’ म्हणतो आणि जी ती खरेदी आपापल्या रीतीने सांगते. एकाच मागणीला प्रत्येक प्रकारच्या ऑब्जेक्टने आपले उत्तर देणे म्हणजे पॉलिमॉर्फिझम. उद्या तिसऱ्या प्रकारची खरेदी सुरू झाली तर नवा क्लास लिहायचा. पट्टीच्या भागातली एक ओळही बदलावी लागत नाही. ‘सीसीआय असेल तर असे, व्यापारी असेल तर तसे’ अशी अटींची माळ जिथे पुन्हापुन्हा दिसते, तिथे पॉलिमॉर्फिझमची गरज आहे असे समजावे.

वारशाबरोबर वचनही येते. ‘खरेदी’ ने असे वचन दिले असेल की कोणतीही आवक द्या, मी भाव सांगेन, तर ‘हमीभाव खरेदी’ ते पाळू शकत नाही, कारण १३ टक्के ओलाव्याचा कापूस ती परत पाठवते. पट्टीचा भाग भावाची वाट पाहत असतो, त्याच्या हाती नकार येतो आणि प्रोग्रॅम कोलमडतो. मूळ क्लासच्या जागी त्याच्यापासून निघालेला कोणताही क्लास बसवला तरी काम बिघडता कामा नये, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका व्याख्यानात मांडले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इथला उपाय मूळ वचन सुधारण्यात आहे : भाव तरी सांगेन, नाहीतर कारणासह नकार देईन. हे वचन दोन्ही प्रकारच्या खरेदीला पाळता येते.

इन्हेरिटन्सची ओढ नवशिक्यांना फार असते आणि ती आवरायला हवी. ‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ हे दोन्ही ‘माणूस’ या क्लासपासून काढले की चित्र छान दिसते. पण हंगामात स्वतःचा कापूस विकणारा शेतकरी गावातल्या चार जणांचा कापूस विकतही घेतो. तो कोणत्या क्लासचा? ऑब्जेक्टला तयार झाल्यावर सहसा क्लास बदलता येत नाही. अशा वेळी माणूस एकच ठेवून भूमिका त्याला जोडाव्यात : माणसाकडे शेतकऱ्याची भूमिका आहे, व्यापाऱ्याचीही आहे. एका ऑब्जेक्टने दुसरा ऑब्जेक्ट आपल्याजवळ बाळगण्याच्या या रचनेला कॉम्पोझिशन म्हणतात. गाव हा तालुक्याचा प्रकार नव्हे, गावाला तालुका असतो. त्याच रीतीने आवकेला शेतकरी असतो, गाडी असते. रोजच्या व्यवहारातली बहुतेक नाती याच जातीची असतात, म्हणून आधी कॉम्पोझिशन करून पाहावे आणि भागत नसेल तरच वारसा द्यावा.

उगम : या पद्धतीचा जन्म नॉर्वेत झाला. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन निगार्ड आणि ओले-योहान दाल हे खऱ्या जगातल्या यंत्रणा, रांगा आणि वाट पाहणे संगणकावर उभे करण्यासाठी भाषा तयार करत होते. त्यांच्या १९६७ च्या सिम्युला भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या कल्पना एकत्र आल्या. काट्यासमोर लागलेली गाड्यांची रांग हा त्यांच्या अभ्यासात सहज बसला असता असा विषय. ऑब्जेक्ट ओरिएंटेड हे नाव अॅलन के यांचे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७२ पासून त्यांनी आणि डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी स्मॉलटॉक भाषा घडवली. ऑब्जेक्टांनी एकमेकांना पाठवायचे निरोप हा के यांच्या दृष्टीने मुख्य भाग होता, क्लास नव्हे. बियार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सी भाषेला क्लासची जोड द्यायला सुरुवात केली. त्यातून सी प्लस प्लस निघाली. पायथन १९९१ मध्ये आली, जावा १९९५ मध्ये. ट्युरिंग पुरस्कार दाल आणि निगार्ड यांना २००१ चा, के यांना २००३ चा आणि लिस्कोव्ह यांना २००८ चा मिळाला.

बोथजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ ने उत्तरेला गेले की नागपूर लागते. भारतातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना सी आणि सी प्लस प्लस शिकवणारे यशवंत कानेटकर तिथलेच. ‘लेट अस सी’ आणि ‘लेट अस सी प्लस प्लस’ ही त्यांची पुस्तके महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्हीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरली जातात.

मर्यादा : शंभर ओळींचा, एकदाच चालवायचा प्रोग्रॅम क्लासशिवाय अधिक सुटसुटीत होतो. आकड्यांच्या मोठ्या रकान्यांवर एकच गणित करायचे असेल तर प्रत्येक आकड्याचा ऑब्जेक्ट करणे वेळखाऊ ठरते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने आणि नंतरच्या रस्टने क्लासचा वारसा मुद्दाम वगळला, माहिती झाकण्याची सोय मात्र ठेवली. कोणती कल्पना अधिक टिकाऊ हे त्यावरून दिसते.

मराठीतून सराव : जावात पहिल्यापासून आणि पायथनमध्ये २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लास, मेथड आणि माहिती यांना देवनागरी नावे देता येतात, भाषेचे स्वतःचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात. म्हणजे ‘आवक.निव्वळ_वजन()’ ही ओळ पायथनमध्ये जशीच्या तशी चालते. एक खबरदारी घ्यावी. ‘शेतकऱ्याचे_नाव’ यातला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून घडवतात, तर काही साध्या ‘र’ ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अदृश्य चिन्ह असलेले नाव पायथन स्वीकारत नाही. ते अक्षर पुसून ‘ऱ’ ने टंकले की अडचण सुटते.