पंडिता रमाबाई आणि ‘नवा जन्म’

टावर चौकाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपणा मराठी कुटुंबांना मिशन म्हटले की शाळा आणि दवाखाने आठवतात. त्यामागील तत्त्वविचाराकडे सहसा लक्ष जात नाही. ‘पुनर्जन्म’ हा शब्द आपल्या परिचयाचा. पण आपल्या परंपरेत तो बंधनाचा वाचक आहे आणि मोक्ष म्हणजे त्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती विचारात मात्र जन्म हेच मुक्तीचे द्वार ठरते. योहानाच्या शुभवर्तमानात, रात्री भेटीस आलेल्या निकदेमाला येशू नव्याने जन्मण्याविषयी सांगतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. हा जन्म याच देहात व्हायचा आणि तारण पुण्यसंचयाने नव्हे, कृपेने लाभायचे.

हा जन्म होतो तरी केव्हा? बाप्तिस्म्याच्या जलाने, की अंतःकरणाच्या पालटाने? या प्रश्नावर चर्चमध्येच शतकानुशतके मतभेद आहेत. एका मराठी विदुषीच्या चरित्रात तो प्रत्यक्ष उभा राहिला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पतीचेही निधन झाले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचा प्रभाव होता. हे गोरे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी: जन्म झाशीकडचा, वाढले काशीत, आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे ते ख्रिस्ती झाले.

बाप्तिस्म्याने रमाबाईंची जिज्ञासा शमली नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे एक दीर्घ वादच आहे. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. केवळ अधिकाराच्या जोरावर सांगितलेले मत त्यांना मान्य होईना.

१९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले: ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या जाणिवेला विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन साहाय्यभूत झाले. दीक्षित पाळक असूनही हॅस्लम यांना स्वतःचा पालट पुढे अनुभवास आला होता.

येथेच या इतिहासाचे मर्म आहे. १८८३ च्या धर्मांतराने समाज दुखावला. १८८९ मध्ये स्थापिलेल्या शारदा सदनात विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. त्यांचा रोष अकारण नव्हता, कारण धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे आश्वासन दिले गेले होते. परंतु रमाबाईंच्या दृष्टीने आता तारणाचा प्रश्न खाजगी उरला नव्हता. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित स्त्रियांना अन्न, अक्षर आणि हस्तव्यवसाय मिळाला. १९०५ मध्ये तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवनही झाले. अखेरची वर्षे त्यांनी सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे निष्कर्ष आपण स्वीकारावेत असे नाही. पण नाव बदलणे आणि माणूस बदलणे यांतील अंतर ज्या सचोटीने त्यांनी स्वतःच्या बाबतीत मोजले, ती सचोटी कोणत्याही धर्माच्या अनुयायाला विचार करायला लावणारी आहे.